घोडे पेंड कोठे खाते?

एखाद्या कामातील अडचणीचे नेमके स्थान दाखविताना आपण 'येथेच घोडे पेंड खाते' असे म्हणतो. परंतु घोडा प्रत्यक्षात पेंड किती खातो, आणि खाल्ल्याने त्याचे पुढे काय होते, याचा विचार म्हण वापरणारा सहसा करीत नाही. आम्हांसही तो करावा लागला तो एका अशिलामुळे.

बडोद्याच्या दक्षिणेस, मकरपुऱ्यालगत, तरसाली आहे. एके काळचे हे खेडे आता शहरात मिसळून गेले आहे. तेथील एक वृद्ध गृहस्थ वरातीसाठी घोडी बाळगतात. तुळशीचे लग्न उरकले, मुहूर्त सुरू झाले आणि नेमकी त्याच वेळी घोडी पुढच्या पायांवर भार देईनाशी झाली. घेतलेले बयाणे परत करण्याची पाळी आली. ते आमच्याकडे आले ते हातात खुराकाची रिकामी पिशवी घेऊनच. "वकीलसाहेब, दुकानदारावर दावा लावायचा आहे," असे ते म्हणाले.

आम्ही हकीकत विचारून घेतली. चातुर्मासात लग्ने नसतात. घोडी चार महिने ठाणावर उभी. पावसाने हिरवे गवत मुबलक. हरभऱ्याची चंदी रोजच्याइतकीच चालू. त्यावर, दसऱ्यापर्यंत अंगावर तेज यावे म्हणून, हा गूळमिश्रित 'पुष्टिवर्धक' खुराक. घोडी मूळचीच थोडक्यात अंग धरणारी. ती गोल गरगरीत झाली, मानेची कमान कठीण आणि जाड झाली, आणि येणारेजाणारे कौतुक करू लागले. त्या कौतुकाची परिणती लंगडण्यात झाली.

दोष कोणाचा हे ठरविण्याआधी पूर्वीचे निवाडे पाहावेत, ही वकिलाची जुनी खोड. तिच्यापायी आम्ही बरेच मागे गेलो.

कौटिलीय अर्थशास्त्राची संहिता म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केली. तिच्या दुसऱ्या अधिकरणातील तिसावा अध्याय अश्वाध्यक्षाचा आहे. उत्तम घोड्यास दोन द्रोण धान्य, एक प्रस्थ स्नेह, पाच पले मीठ, शिवाय मांस, दही, मद्य अथवा दूध असा शिधा तेथे सांगितला आहे. मध्यम व कनिष्ठ घोड्यांस तो उतरत्या प्रमाणात. वरवर वाचणाऱ्यास वाटेल की हा तर घोडा फुगविण्याचाच विधी झाला. परंतु कायद्याचे वाक्य शेवटपर्यंत वाचावे लागते. स्नेहाचा जादा प्रस्थ सांगितला आहे तो लांबच्या वाटेने व ओझ्याने थकलेल्या घोड्यांसाठी. म्हणजे पुरवणी श्रमाच्या मागून येते, कौतुकाच्या मागून नव्हे. पुढे अश्वचिकित्सकाची कर्तव्ये येतात. घोड्याचे शरीर झडले तर जसा उपाय करावयाचा, तसाच ते वाजवीपेक्षा वाढले तरीही. आणि आहार ऋतूप्रमाणे बदलावयाचा. चिकित्सेतील हयगयीने व्याधी बळावल्यास उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड, आणि परिणाम अगदीच उलटा झाल्यास जनावराच्या किमतीइतका दंड! दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या या शास्त्रकाराने घोड्याचा लठ्ठपणा हा शोभेचा नव्हे तर जबाबदारीचा विषय मानला होता.

हे भान सर्वत्र मात्र नव्हते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो दक्षिणेच्या पूर्व किनाऱ्यावर आला, तेव्हा समुद्रमार्गे आणलेल्या मोलाच्या घोड्यांस शिजविलेला भात आणि मांस चारतात, आणि घोड्यांची निगा जाणणारी माणसे नसल्याने ते मोठ्या संख्येने मरतात, असे त्याने नोंदविले. पुढे हाच अश्वव्यापार गोव्याच्या बंदरातून चाले, आणि १५१० नंतर पोर्तुगिजांनी तो आपल्या मुठीत ठेवला. आपल्या कोकणपट्टीने पाहिलेले कितीतरी अरबी घोडे असे वाळवंटातून निघून भाताच्या देशात उतरले असतील!

मराठ्यांची रीत निराळी. भीमथडीचे तट्टू कोरड्या माळावरच्या गवतावर वाढलेले. थोडक्यात भागविणे हाच त्याचा गुण. या दौलतीत दाणावैरणीचा हिशेब किती काटेकोर होता, हे शिवछत्रपतींच्या एका प्रसिद्ध पत्रावरून दिसते. १६७३-७४ च्या सुमारास चिपळुणाजवळ दळवटणे येथे छावणीस असलेल्या अंमलदारांस त्यांनी बजाविले, की साठविलेला दाणा व वैरण आरंभीच मन मानेल तशी उधळलीत, तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. तेथे भीती उपासाची होती, आमच्या अशिलाकडे अतिभोजनाची. परंतु ऋतू पाहून मापाने चारावे, हे सूत्र एकच.

खुद्द बडोद्यासही अश्वविद्येचा वारसा लहान नाही. गायकवाडांची सत्ता येथे १७३४ पासून स्थिरावली ती घोडदळाच्या बळावर. तरसालीशेजारचा मकरपुऱ्याचा राजवाडा मुळात खंडेराव महाराजांनी शिकारीच्या निमित्ताने बांधविला. चालुक्य नृपती सोमेश्वराचा 'मानसोल्लास', ज्यात अश्वांविषयी विस्ताराने लिहिले आहे, तो सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने निघालेल्या प्राच्य ग्रंथमालेतूनच १९२५ पासून प्रकाशात आला. तिकडे तंजावरास, भोसल्यांनी जोपासलेल्या सरस्वती महालाने नकुलाच्या नावावरचे 'अश्वशास्त्र' १९५२ साली सचित्र छापले. विराटाच्या घरी अश्वपाल होऊन राहिलेला नकुल आपल्या वाचकांस परका नाही. ग्रंथ आहेत; तोबरा भरणाऱ्या हातापर्यंत ते पोचत नाहीत, एवढेच.

आता आजचे शास्त्र काय म्हणते ते पाहू. दुष्काळी प्रदेशात घडलेल्या जातींच्या शरीरास चरबी साठविण्याची सवय असते. अशा घोड्यास श्रमावाचून गोड व पिष्टमय अन्न मिळत राहिले, की रक्तातील इन्सुलिन वाढते, आणि खुराच्या आत हाडास धरून ठेवणाऱ्या पापुद्र्यांस दाह होतो. बाहेरून खूर धड दिसतो. आत हाड आपल्या जागेवरून सरकू लागते. म्हणून डोळ्यांवर न विसंबता बरगड्या हाताने चाचपाव्यात. अमेरिकेत हेन्नेके यांनी १९८३ साली घोड्याच्या अंगलटीची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी घालून दिली, तीही अशाच चाचपण्यावर आधारलेली आहे.

मग अशा घोड्यास पुरवणी काहीच नको काय? येथेच खरोखर घोडे पेंड खाते! चंदी बंद करून केवळ वाळल्या गवतावर ठेवले, तर मीठ, तांबे, जस्त आणि ई जीवनसत्त्व यांची उणीव पडू शकते. पुरवणी हवी ती या उणिवेची, उष्मांकांची नव्हे. खडेमीठ व स्वच्छ पाणी सदैव समोर असावे. गूळ वा मळी नसलेले, घोड्यासाठीच तयार केलेले खनिजमिश्रण, वजनाप्रमाणे मोजून, मूठभर भिजविलेल्या चाऱ्यातून द्यावे. गव्हाचा कोंडा हलका म्हणून भरमसाट घालू नये. त्यातील स्फुरद चुन्याचा तोल बिघडविते. गाईम्हशींचा तयार खुराक तर मुळीच नको, कारण त्यात कधी कधी घातले जाणारे मोनेन्सिन हे औषध घोड्यास प्राणघातक आहे. वजन उतरविताना वाळला चारा शरीराच्या वजनाच्या शेकडा दीड या मापाने द्यावा; साडेतीनशे किलोच्या घोडीस सव्वापाच किलोच्या आसपास. पण एकाएकी उपाशी ठेवणे हाही अपराधच; लठ्ठ घोड्याची चरबी तेव्हा रक्तात उतरते आणि जिवावर बेतते. हे सारे पशुवैद्याच्या देखरेखीखाली व्हावे.

राहिला दाव्याचा प्रश्न. स्वतःच्या उपजीविकेसाठी माल घेणाऱ्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक मानले आहे; तेव्हा दार बंद नव्हते. परंतु १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम जनावराच्या हिताची काळजी घेण्याचे कर्तव्य, ज्याच्या ताब्यात ते जनावर आहे, त्याच्यावर घालते. पिशवीवर गुळाचा उल्लेख ठसठशीत होता. उभ्या घोडीस तो देऊ नये, हे मात्र कोठेच नव्हते. आम्ही दोन्ही गोष्टी त्या गृहस्थांस सांगितल्या. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, दुकानदाराने विकले खरे, पण चारले मी माझ्या हाताने."

दावा झाला नाही. तो हंगाम बुडाला, आणि त्या घरास तो जड गेला. घोडी फाल्गुनात सावकाश चालू लागली. पुढच्या आषाढी एकादशीस ते गृहस्थ आमच्याकडे आले, ते गवत तोलण्यासाठी काटा कोणता घ्यावा हे विचारण्यासाठी. देवापुढे नैवेद्य ठेवताना आपण भक्ती मोजीत नाही. जनावरापुढे चारा ठेवताना मात्र माया मोजावीच लागते, आणि ती मोजल्याने उणी होत नाही.