तारेवरचे परके

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत महाजालाची सार्वजनिक सेवा सुरू केली, हे सर्वश्रुत आहे. त्या सेवेत आरंभापासूनच दोन वर्ग होते, याची आठवण मात्र क्वचित काढली जाते. एक ‘टीसीपी/आयपी’ खाते, चित्रांसह सारे महाजाल दाखवणारे, व्यक्तीसाठी वर्षाला १५,००० रुपयांचे. दुसरे विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळणारे ‘शेल’ खाते. त्यात काळ्या पडद्यावर निव्वळ अक्षरे.

ही अक्षरे पाठवणारे यंत्र युनिक्सचे होते. घरी लिनक्स वापरणारा विद्यार्थी, म्हणजे, आपल्याच गोत्रातल्या यंत्राशी बोलत असे. त्याच सुमारास ‘स्लर्प’ नावाची आज्ञावली आली. ती शेल खात्यात चालवली की साधी अक्षरांची जोडणी पीपीपी बोलू लागे आणि घरच्या संगणकावर चित्रे उमटत. दोन खात्यांतले अंतर तंत्राचे कमी आणि दरपत्रकाचे अधिक होते, हे तिने उघडे पाडले.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी सेवादात्यांना दार उघडले. भाव उतरले, पण लिनक्सवाल्याची अडचण उलट वाढली. पीपीपी हा १९९४ पासून आरएफसी १६६१ या क्रमांकाने सर्वांना खुला असलेला संकेत; लिनक्सला तो उत्तम येत होता. हवे होते ते इतकेच: दूरध्वनी क्रमांक, नाव, परवलीचा शब्द, नेमसर्व्हरचा पत्ता आणि ओळख कोणत्या पद्धतीने पटवायची ती माहिती. नेमके हेच विंडोजसाठीच्या तबकडीत गाडलेले असे, आणि मदतकेंद्रातला माणूस ‘स्टार्ट’ बटणाच्या पलीकडे जात नसे. त्याला तरी दोष काय द्यायचा? त्याच्यासमोरच्या कागदावर तेवढेच लिहिलेले होते.

मग जो तो आपली ‘चॅट’ संहिता स्वतः लिही. तिच्यात ‘लॉगिन’ या शब्दाचे पहिले रोमन अक्षर मुद्दाम गाळलेले असे, कारण पलीकडचे यंत्र ते मोठ्या लिपीत पाठवील की छोट्या, याचा भरवसा नसे. परक्या दारावर कसे बोलावे, याचा हा अनुभवसिद्ध शिष्टाचार. पुढे ‘डब्ल्यूव्हीडायल’ हे सारे स्वतःच ताडू लागले.

खरा घाव विनमोडेमचा. मोडेममधले संकेत उलगडण्याचे काम चिपकडून काढून संगणकाच्या प्रोसेसरवर टाकले की मोडेम स्वस्त होतो. पण ते काम करणारी आज्ञावली उत्पादक केवळ विंडोजसाठी देत आणि चिपची माहिती गुप्त ठेवत. ल्युसेंटच्या चिपांसाठी पुढे लिनक्सचा ड्रायव्हर मिळाला, तोही गाभा बंद ठेवून. शिवाय तो महाजालावरून उतरवायचा, आणि महाजालावर जायला तोच हवा! ज्याला परवडे तो सिरियल पोर्टला जोडायचा बाहेरचा मोडेम घेई. बाकीचे मित्राच्या विंडोजवर विसंबत. ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने १९९६ मध्ये लिनक्सची तबकडी वाचकांच्या हाती दिली, तिचे मोल यावरून कळावे. २८.८ किलोबिटच्या मोडेमने तेवढा मजकूर उतरवायचा, तर जोडणी एकदाही न तुटता सुमारे ५० तास लागले असते.

२००५ मध्ये भारत संचार निगमाची ब्रॉडबँड सेवा आली. ओळख पटवण्याचे काम आता राउटरच करू शके. मागे कोणती कार्यप्रणाली आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. त्या काळातल्या अनेक घरगुती राउटरांत तर लिनक्सच चालत असे. मदतकेंद्राचा पहिला प्रश्न मात्र पुढेही बराच काळ तोच राहिला: विंडोज कोणते आहे?