फुंकर मारून होणारी फुफ्फुसांची तपासणी



दमा असो की सीओपीडी, म्हणजे बहुधा सिगारेट-विडीने जडणारा फुफ्फुसांचा जुना आजार, दोन्हींत श्वासनळ्या आतून सुजतात. दुर्बीण न घालताही या सुजेचा अंदाज घेता येतो.

फेनो तपासणी: श्वास भरून घ्यायचा आणि नळीत सुमारे १० सेकंद एकसारखा सोडायचा. श्वासातला नायट्रिक ऑक्साइड वायू यंत्र मोजतं. मोठ्या माणसांत आकडा २५ च्या खाली असला तर ॲलर्जीच्या इओसिनोफिल पेशींची सूज असण्याची शक्यता कमी. ५० च्या वर असला तर शक्यता जास्त, आणि स्टेरॉइडच्या पंपाने गुण येण्याचा संभवही जास्त. आधी तासभर खाणं, पिणं, सिगारेट बंद ठेवावी. पालक, बीट खाल्ल्यानेही आकडा वाढतो.

इथेच मी फसलो. माझा आकडा आला १२. तेव्हा मी रोज दहा सिगारेटी ओढत होतो. खुशीत घरी सांगितलं, "फुफ्फुसं एकदम साफ!" पुढच्या भेटीत कुपात खोलिमच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की सिगारेटच हा आकडा खाली पाडते. शिवाय सीओपीडीतली सूज बहुतेक वेळा न्यूट्रोफिल पेशींची असते. ती फेनोत दिसत नाही. मग स्पायरोमेट्री केली. पंप घेतल्यावरही पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी हवा बाहेर पडली. निदान झालं, सीओपीडी.

कफाची तपासणी: मिठाच्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून देऊन कफ काढतात आणि पेशी मोजतात. इओसिनोफिल ३ टक्के किंवा जास्त असले तर स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता असते. हे काम वेळखाऊ आहे, सगळीकडे होत नाही.

रक्ततपासणी: सीओपीडीत रक्तातले इओसिनोफिल ३०० च्या वर असले, तर स्टेरॉइडचा पंप द्यायचा की नाही हे ठरवायला मदत होते.

कार्बन मोनॉक्साइड: हीसुद्धा फुंकरीचीच तपासणी, पण ती सूज दाखवत नाही. गेल्या काही तासांत सिगारेट ओढली का, एवढंच सांगते. तिथे थाप चालत नाही!

सिगारेट सोडल्यावर फेनोचा आकडा थोडा वाढू शकतो. घाबरून पुन्हा पेटवू नका. सोडल्याने फुफ्फुसांची घसरण मंदावते, अगदी आपल्या वयातसुद्धा. तपासणीआधी डॉक्टरांना खरं सांगा: ओढता का, किती, आणि सोडली असेल तर केव्हा. त्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.