लहान शहरातील चार्जिंग केंद्रे : संख्या आणि उपलब्धता

विद्युत वाहनांच्या सार्वजनिक चार्जिंगची उपलब्धता केवळ केंद्रांच्या संख्येवरून ठरत नाही. यंत्र चालू असणे, त्याची जोडणी वाहनाला लागू पडणे आणि वाहन उभे करण्यास जागा मोकळी असणे, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. मोठ्या शहरात एक केंद्र बंद असल्यास जवळच दुसरे सापडते. लहान शहरात एकमेव यंत्र बंद पडले, की सोय शून्यावर येते.

काणकोण तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेली चावडी हे याचे बोलके उदाहरण होय. राष्ट्रीय महामार्ग ६६ वरील हे शहर मडगावच्या दक्षिणेस सुमारे ३५ किलोमीटरवर असून पुढे कारवारचा रस्ता आहे. वाटेतील करमल घाटाच्या चढणीवर बॅटरी अधिक खर्च होते. त्यामुळे येथे थांबणाऱ्या प्रवाशाला केंद्र बंद आढळल्यास पुढचा वा मागचा पल्ला गाठणे जिकिरीचे ठरू शकते.

चार्जिंग ही सेवा असून तिच्यासाठी वीज कायदा २००३ खाली परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शहरांत ३ किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकटीत एक, तर महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक केंद्र अपेक्षित होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ही तत्त्वे सुधारण्यात आली. मात्र अंतराचा निकष पूर्ण झाला म्हणून यंत्र चालू राहीलच, असे नाही.

वेगाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ३० युनिट क्षमतेची बॅटरी ३.३ किलोवॅटच्या यंत्रावर पूर्ण भरण्यास नऊ तासांहून अधिक वेळ लागतो. ३० किलोवॅटच्या जलद यंत्रावर साधारण तासाभरात ती बरीचशी भरते. मोटारींच्या जलद चार्जिंगसाठी देशात मुख्यतः सीसीएस-२ जोडणी वापरली जाते. जुन्या पद्धतीची यंत्रे आजच्या बहुतेक मोटारींना उपयोगी पडत नाहीत.

म्हणून वाटसरूंसाठी महामार्गालगत जलद यंत्र, तर पाळोळे किनाऱ्यावर मुक्कामी राहणाऱ्या पर्यटकांसाठी निवासस्थानी संथ यंत्र, अशी विभागणी सयुक्तिक ठरते. एका मोठ्या यंत्रापेक्षा स्वतंत्र वीजजोडणीची दोन यंत्रे लहान शहराला अधिक उपयुक्त असतात. पावसाळ्यात वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या भागात दुरुस्तीची मुदत आणि जबाबदारी करारातच निश्चित करणे हे केंद्र उभारण्याइतकेच महत्त्वाचे आहे.