घळीतली पोथी आणि यंत्रातली अक्षरे

आमच्या महाड तालुक्यात दहावीचा निकाल लागला की मास्तराच्या ओटीवर पालकांची वर्दळ सुरू होते. “गुरुजी, पोरीला कुठल्या लाइनला घालू?” हा प्रश्न ठरलेला, आणि बहुधा त्याचे उत्तरही विचारणाराने घरूनच ठरवून आणलेले. दोन वर्षांपूर्वी तळीयेच्या बाजूच्या एका वाडीतली मुलगी आपल्या काकांबरोबर अशीच आली. वडील मुंबईला नोकरीस, काका महाडच्या औद्योगिक वसाहतीत. काकांचे म्हणणे, कॉम्प्युटरशिवाय आता धडगत नाही. मुलीला संस्कृतात चांगले गुण पडलेले, मराठी जुने ग्रंथ वाचायची गोडी आजीने लावलेली. ती खाली मान घालून एवढेच म्हणाली, “दोन्ही नाही का शिकता येणार?” काका हसले. “दोन डगरींवर हात ठेवणारा मधल्या मध्ये पडतो,” असे त्यांनी तिला सुनावले आणि दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिले.

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो. मी संस्कृतचा पंडित नव्हे, आणि संगणक तर माझ्या विद्यार्थ्यांनीच मला शिकविला. परंतु तो प्रश्न मनात राहिला, आणि त्याचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

सुरुवात घरापासूनच करतो. आमच्याच तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत शिवथरची घळ आहे. पावसाळ्यात तिच्या तोंडाशी धबधबा असा कोसळतो की शेजारच्या माणसाशी मोठ्याने बोलावे लागते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ही घळ शोधून काढली. समर्थ रामदासांनी येथे बसून दासबोध सांगितला आणि कल्याणाने तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. देव हे पेशाने वकील. पण जन्मभर समर्थ संप्रदायाची कागदपत्रे गोळा करीत हिंडले. मठामठांतून हात जोडून त्यांनी जमविलेल्या पोथ्या धुळ्याला आजही जपून ठेवलेल्या आहेत.

दासबोधात वीस दशक, प्रत्येकात दहा समास. त्यांतल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास परमार्थावर नाही, भक्तीवरही नाही. तो आहे हस्ताक्षरावर! अक्षर वाटोळे आणि सरळ असावे, शाई काळीभोर असावी, पहिल्या पानावरचे अक्षर आणि शेवटच्या पानावरचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, असे समर्थ बजावतात. देशोदेशींचे बरू आणा म्हणतात. तरुणपणी डोळे चांगले म्हणून फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते वाचता येणार नाही, असेही सांगतात. (मोबाइलच्या पडद्यावर मुंग्यांएवढी अक्षरे ठेवणाऱ्या आमच्या तरुण मंडळींनी हे लक्षात घ्यावे.) पण मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी सूचना. पानाच्या चारी बाजूंनी कोरी जागा सोडावी, म्हणजे पुढे कागदाची कड झिजून झडली तरी अक्षर झडणार नाही.

कागद झडणार, हे त्यांनी धरूनच चालले होते. कोकणातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. आमच्याकडे चार महिने भिंती पाझरतात, कसर आणि वाळवी वर्षभर पोटापाण्याला असतात. आणि त्याहून भयंकर गोष्टीही घडतात. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहण, कोंडीवते या गावांवर डोंगर आले. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी महाड शहरही पुराच्या पाण्याखाली होते. जिथे माणसांचा शोध थांबवावा लागला, तिथे देव्हाऱ्यातल्या पोथीची मोजदाद कोण करणार? त्या मुलीचे घर वाचले होते. फक्त मागची भिंत बसली. त्या भिंतीशेजारच्या फडताळात तिच्या आजीचा दासबोध होता. तो चिखलातून निघाला तेव्हा त्याच्या पानांचा लगदा झाला होता.

पोथी टिकते ती तिच्या नकला टिकतात म्हणून. पण नक्कल म्हटली की चूक आली. नकलणारा दमतो, डुलकी घेतो, एक ओळ गाळतो; पंडित असला तर त्याहून वाईट, कारण तो न समजलेला शब्द सुधारून ठेवतो! असे शेकडो वर्षे चालल्यावर मूळ शब्द कोणता, हे ओळखायचे कसे? या प्रश्नावर आपल्या पुण्यात जे काम झाले ते सांगितल्याशिवाय माझे उत्तर पुरे व्हायचे नाही.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली स्थापन झाले आणि १९१९ च्या एप्रिलमध्ये वृद्ध रामकृष्णपंत भांडारकरांच्या हस्ते महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ झाला. काम रखडत होते. १९२५ साली ते विष्णु सीताराम सुखटणकरांच्या हाती आले. सुखटणकर शिकले काय होते? केंब्रिजला गणित! तिथून ते बर्लिनला गेले आणि ल्यूडर्स या पंडिताजवळ संस्कृत भाषाशास्त्र शिकले. गणितामुळे त्यांना संस्कृत सोपे गेले, असे मी म्हणणार नाही. पण पुरावा मोजून घ्यायची जी सवय गणिताने लागते ती त्यांच्या हाताला लागली होती, असे त्यांचे काम पाहिल्यावर वाटते.

ते काम कसे चाले ते ऐका. एका मोठ्या कागदाच्या माथ्यावर एक श्लोक लिहावयाचा, पण सलग नाही. एका चौकटीत एक अक्षर. अनुष्टुभाची बत्तीस अक्षरे म्हणून बत्तीस चौकटी. त्याखाली प्रत्येक पोथीसाठी एक आडवी ओळ. जिथे ती पोथी वेगळे सांगते तिथे त्याच चौकटीखाली तिचे अक्षर मांडावयाचे. एका आदिपर्वासाठीच सुमारे साठ पोथ्या अशा ताडून पाहिल्या. सगळ्या महाभारताला मिळून बाराशेहून अधिक. काश्मीरची पोथी शारदा लिपीत, दक्षिणेकडची ग्रंथ, तेलुगू किंवा मल्याळम लिपीत, बंगालची बंगालीत. पुण्याखेरीज शांतिनिकेतनात आणि तंजावरलाही मंडळी हे कागद भरीत बसलेली असत. आजची मुले ज्याला एक्सेल म्हणतात त्याचीच ही बैठक. वीज लागत नव्हती एवढेच.

आणि निवाडा? काश्मीरची पोथी आणि मलबारची पोथी यांची गाठभेट शतकानुशतके झालेली नाही. त्या दोघी एकच शब्द सांगत असतील, तर तो बहुधा जुना. दोन शब्दांपैकी एक सोपा आणि एक अवघड असेल, तर अवघडाकडे कल द्यावा, कारण लेखक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही. असल्या कसोट्या लावून संहिता तयार झाली. तिच्यातून काय काय बाहेर पडावे? व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, ही आपणा सर्वांची लाडकी कथा! पोथ्यांचा कौल तिच्या विरुद्ध गेला आणि तिला परिशिष्टात जाऊन बसावे लागले. ज्या पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव वाढला, तिथेच बसून हे छापायचे म्हणजे छातीचे काम. पण ती कथा फेकून दिली नाही, हेही लक्षात घ्या. जे गाळले ते सगळे तळटीपांत आणि परिशिष्टांत जसेच्या तसे आहे. मला या आवृत्तीची खरी थोरवी तिथे वाटते. हरलेल्या पाठालाही तिने घर दिले.

आदिपर्व १९३३ साली पुरे झाले. सुखटणकर जानेवारी १९४३ मध्ये गेले. पुढे बेलवलकरांनी आणि मग परशुराम लक्ष्मण वैद्यांनी धुरा वाहिली आणि १९६६ च्या सप्टेंबरात काम संपल्याचे राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी पुण्यात येऊन जाहीर केले. सत्तेचाळीस वर्षे! पाठोपाठ वैद्यांनी श्लोकचरणांची सूची सहा खंडांत काढली, म्हणजे कुठलाही चरण कुठे आहे ते सापडावे.

या सहा खंडांचे काम आज आमच्या शाळेतला मुलगा क्षणात करतो. ते कसे झाले, त्याचीही मौज आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात जपानमधल्या क्योतो विद्यापीठाचे मुनेओ तोकुनागा यांनी भांडारकर संस्थेची ही सगळी संहिता रोमन अक्षरांत संगणकावर उतरवून घेतली. मग केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून दुरुस्त केली. सुखटणकर जिथे गणित शिकले त्याच गावी त्यांच्या महाभारताची संगणकातली शुद्धलेखनाची तपासणी व्हावी, हा योगायोग मला फार आवडतो. पण तोकुनागांनी केले काय? कल्याणाने केले तेच. समोर एक पोथी ठेवली आणि तिची नक्कल केली. आणि स्मिथ यांनी केले तेही जुनेच. नकलेतल्या चुका काढल्या.

५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेत जमाव घुसला आणि पुस्तकांची, पोथ्यांची नासधूस झाली. त्या दिवशी महाभारताची संहिता जगाच्या चार कोपऱ्यांत ठेवलेली होती. पोथ्यांचे तसे नव्हते. फाटलेली पोथी ती फाटलीच.

इथे काकांसारखे लोक म्हणतील, मग यंत्रच सगळे करते, पोथी वाचणारा कशाला हवा? त्यांच्यासाठी एक लहानसा प्रयोग सांगतो. संगणकातल्या त्या संहितेत ‘नाग’ हा शब्द शोधा. हत्ती सापडतील, सर्प सापडतील, आणि त्यांच्याबरोबर ‘नागच्छति’ हेही येईल. त्यात हत्ती नाही आणि सापही नाही. ‘न आगच्छति’, तो येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. संधी सोडविणे यंत्राला शिकवावे लागते, आणि शिकविणाराला आधी स्वतःला यावे लागते. मुंबईच्या आयआयटीत संस्कृतचे आणि संगणकाचे जाणकार एकत्र बसून संस्कृत शब्दांचे जाळे बांधीत आले आहेत, ते याचसाठी.

उलट बाजूचा भाबडेपणाही आहे. संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा असल्याचे अमेरिकेच्या नासाने मान्य केले, असे सांगणारे दर सत्यनारायणाला एक तरी भेटतात. मूळ गोष्ट एवढीच आहे की १९८५ साली नासातल्या रिक ब्रिग्ज नावाच्या अभ्यासकाने एक लेख लिहिला आणि आपल्या वैयाकरणांची वाक्य उलगडण्याची रीत संगणकशास्त्रातल्या एका रीतीशी ताडून दाखविली. लेख वाचण्याजोगा आहे. पण त्यावरून कोणी संस्कृतात यंत्राला हुकूम सोडू लागले नाही. पाणिनीला असल्या शिफारसपत्राची गरजही नाही.

आपली खरी मिळकत निराळीच आहे, आणि ती पहिलीच्या वर्गातली आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले. परम संगणकामुळे त्याचे नाव गाजले. पण भारतीय लिप्या यंत्रात बसविण्याचे तिथले काम मला अधिक जवळचे वाटते. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी जे मानक ठरले त्यात ‘क’ देवनागरीचा असो, बंगालीचा असो की मल्याळमचा, त्याची जागा एकच. शांतिनिकेतन आणि तंजावरच्या मंडळींनी डोळे शिणवून जे चौकटीत बसविले ते इथे कायमचे बसले. आणि इन्स्क्रिप्ट नावाचा जो कळफलक आहे, त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला; ‘क’च्याच कळीवर ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. कचटतप नीट घोकलेल्या मुलाला तो चार दिवसांत येतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्या मोठ्यांना मात्र तो कधीच येत नाही, असा माझ्या वर्गातला अनुभव आहे.

धीराचीही एक गोष्ट सांगायला हवी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा एक महाकोश चालू आहे. सुमारे पंधराशे ग्रंथ वाचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या हाताने लिहिल्या गेल्या. पहिला भाग १९७६ साली निघाला, आणि पस्तिसावा निघाला तेव्हाही गाडी ‘अ’वरच होती! त्या चिठ्ठ्यांची चित्रे आता संगणकात घेतली आहेत. पण चिठ्ठी वाचून कुठला अर्थ आधी आणि कुठला मागून आला हे ठरविणारी माणसे लागतात, आणि ती दुर्मीळ आहेत. काकांना मी हे सांगितले. नोकरी मिळेल का, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. शुद्ध संस्कृतावर घर चालविणे कठीण, हे मीही कबूल केले. पण दोन्ही जाणणारांची रांग फार लहान आहे, असेही म्हणालो. “बघू,” म्हणाले.

मुलगी आता संगणक शिकते आणि संस्कृतही तिने सोडलेले नाही. मागच्या गणपतीत घरी आली होती. आजीसाठी तिने दासबोधाचे काही समास संगणकावर उतरवून, चांगल्या टपोऱ्या अक्षरांत छापून आणले होते. चारी बाजूंना रुंद कोरी जागा सोडली होती. मी बसलेलो असताना आजीने चष्मा लावून वाचायला घेतले आणि तिसऱ्या-चौथ्या ओवीलाच थांबली.

“हा शब्द असा नाही गं. आमच्या पोथीत निराळा होता.”

“अगं आजी, छापील पुस्तकात असाच आहे. मी दोनदा तपासला.”

“असेल तुझ्या पुस्तकात. माझ्या सासूबाई म्हणायच्या तो मी साठ वर्षं म्हणते आहे. गुरुजी, तुम्ही सांगा हिला.”

मी काहीच सांगितले नाही. मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग तिने पेन काढले, पान आपल्याकडे ओढले, आणि कडेच्या कोऱ्या जागेत, त्या शब्दाच्या नेमके समोर, आजी म्हणत होती तो शब्द लिहून घेतला.

“पुढचा म्हण,” ती म्हणाली.