मुरबाडची रेषा

मराठी राजकारणात 'प्रतिनिधी' हा शब्द आला तो लोकांच्या वतीने बोलणाऱ्यासाठी नव्हे. छत्रपती राजारामांनी जिंजीत निर्माण केलेले ते पद राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्याचे होते. शब्दाची दिशा पुढे उलटली. पण प्रतिनिधी नेमका कोणाचा, हा प्रश्न उरलाच. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या शेजारच्या तालुक्यांकडे पाहताना तो आम्हांला पुन्हा पडतो.

मतदारसंघाच्या सीमा पक्षाच्या सोयीने आखणे म्हणजे 'गेरीमँडरिंग'. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या सहीने मंजूर झालेला एक वेडावाकडा मतदारसंघ व्यंगचित्रात सॅलमँडर होऊन अवतरला, आणि गेरींचे नाव त्या प्राण्याला कायमचे चिकटले. आपल्याकडे ही रेषा सत्ताधारी पक्ष आखत नाही. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून केलेली पुनर्रचना २००८ मध्ये अमलात आली. विधानसभेच्या जागा २८८ च राहिल्या. तत्कालीन अखंड ठाणे जिल्ह्याच्या मात्र १३ च्या २४ झाल्या. वाढत्या शहरांवरचा जुना अन्याय त्याने दूर झाला, हे मान्यच केले पाहिजे.

तरी मुरबाडचे काय झाले ते पाहावे. नव्या मतदारसंघात तालुक्याच्या जोडीला बदलापूर शहर आहे. २००१ मध्ये सुमारे ९८ हजार वस्तीचे हे शहर २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेले; संपूर्ण मुरबाड तालुका तेव्हा १ लाख ९० हजारांच्या आसपास होता. माळशेज घाटाच्या पायथ्याचे पाडे आणि सकाळच्या लोकलची वाट पाहणारा फलाट यांना आमदार एकच. नाव मुरबाडचे, वजन दिवसेंदिवस रुळांच्या बाजूला. बारवी धरणात मुरबाडच्या गावांच्या जमिनी गेल्या, पाणी कारखान्यांना आणि शहरांना मिळाले.

शहापूरची गोष्ट निराळी. हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. बदलापूरएवढे शहर त्यात नाही. भातसा आणि तानसा मुंबईची तहान भागवतात, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. आदिवासी आमदाराची हमी आरक्षणाने दिली, पण पाणी पिणारे मतदान करतात दुसरीकडे: मुंबईचे आमदार ३६, शहापूरचा एक.

मग अन्याय ग्रामीण मतदारावरच म्हणावा काय? २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मुरबाडची मतदारसंख्या ४ लाखांच्या वर होती, शहापूरची ३ लाखांच्या आत. म्हणजे बदलापूरकराच्या एका मताचे मोल शहापूरकराच्या मताहून कमीच. कोणाच्या कुटिल हाताविनाच हे घडले. जनगणना जुनी होत गेली, रेषा जागची हलली नाही. ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली होती.

पुढच्या पुनर्रचनेत बदलापूर वेगळे काढावे, असे कोणी म्हणेल. पण मग मुरबाड कोणाला जोडणार? एकट्याने मतदारसंघ होण्याइतकी माणसे त्या तालुक्यात नाहीत.