वेब ॲप्लिकेशनचे डेस्कटॉप ॲप कसे होते?

ब्राउझरमध्ये चालणारे ॲप्लिकेशन विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर स्वतंत्र ॲप म्हणून द्यायचे असेल तर बहुधा ‘इलेक्ट्रॉन’ वापरतात. गिटहबने २०१३ मध्ये ते ‘ॲटम’ या एडिटरसाठी तयार केले. त्यात क्रोमियम ब्राउझर व नोड.जेएस एकत्र बांधलेले असल्याने एकच कोड सर्वत्र चालतो. आपल्या कर्नाटकातले उदाहरण म्हणजे बेंगळुरूत सुरू झालेले ‘पोस्टमन’. २०१२ मध्ये ते क्रोमचे एक्स्टेन्शन होते. पुढे इलेक्ट्रॉनवरचे डेस्कटॉप ॲप झाले.

मात्र असे प्रत्येक ॲप स्वतःचा ब्राउझर बरोबर आणते. त्यामुळे जागा व मेमरी जास्त लागते. शिवाय संगणकातला क्रोम अपडेट केला, तरी ॲपमधला क्रोमियम जुनाच राहतो. म्हणून सुरक्षिततेसाठी सभासदांनी अशा ॲपचे अपडेट वेगळे करावे. संगणक जुना असल्यास तेच काम ब्राउझरमध्ये करणे सोयीचे.