‘न्यू फोल्डर’मधली आजी

दादासाहेब फाळक्यांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळं होती. आज पहिलं आणि शेवटचंच उरलंय. पुण्यातलं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय उभं राहिलं थेट १९६४ला.

हे आठवलं, कारण परवा दीपनगरच्या क्वार्टरमधला आमचा जुना कॉम्प्युटर उघडला. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘पप्पा मोबाईल’... त्यात आजीचा एकुलता एक व्हिडिओ सापडला. कळण्याची भाकरी थापत ती लेवा बोलीत मला रागावतेय. आजी आता नाही.

त्याच रात्री नाव दिलं: ‘२०११-०५ आजी’. आधी वर्ष, मग महिना, म्हणजे फोल्डर आपोआप ओळीत लागतात. दुसरी कॉपी हार्ड डिस्कवर.

तुमच्या घरातली मधली रिळं कुठायत? आजच शोधा.